साडूभाऊंची एका दुपारची नोकरी

९ एप्रिल, रविवार. ठरलेली रक्कम अडीच हजार रुपये. हजर चौघे: मी, माझी पत्नी, तिची धाकटी बहीण आणि बहिणीचा नवरा, म्हणजे माझे साडू. स्थळ आमचा नोएडाचा फ्लॅट, जेवणाचं टेबल. विषय, माझ्या बढतीच्या पार्टीत साडूभाऊंनी बार सांभाळावा की नाही.

साडूभाऊंनी पाच महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. सोडली म्हणण्यापेक्षा सोडवली. दीड महिना ते एका केंद्रात होते, आणि त्याच्या आधी दिवाळीत आमच्या ऑफिसातल्या कॅशिअरच्या घरी त्यांना दोघांनी धरून गाडीत बसवलं होतं. त्या दोघांतला एक मी आणि दुसरे स्वतः कॅशिअर. साडूभाऊंचं खातं वेगळं असलं तरी ऑफिसची इमारत आमचीच आहे. त्यामुळे ही गोष्ट चार मजल्यांना माहीत होती आणि त्यांच्यासमोर कोणी काढत नव्हतं. ते डबा आपल्या टेबलावर एकटेच खात.

आता जूनमध्ये त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न होतं. मुलगा पंजाबी, घर चांगलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडचे ‘कॉकटेल’ ठेवणार होते. ज्यांना दिल्लीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे हळद, मेहंदी यांच्यासारखाच तोही एक विधी आहे, आणि त्यात मुलीच्या बापाने दाराशी उभं राहायचं असतं. मुलीने बापाला सांगितलं होतं की कॉकटेल रद्द करायला लावते. त्यावर साडूभाऊंनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. आपल्यामुळे मुलीच्या लग्नातली एक संध्याकाळ कमी व्हावी हे त्यांना नको होतं. आणि ती संध्याकाळ आपल्याला झेपेल की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

“भाऊजी, पाच महिन्यांत हे एका घरी गेलेले नाहीत,” मेहुणी मला म्हणाली. “कुठेही जा, पाणी द्यायच्या आधी विचारतात, क्या लोगे? त्याचीच भीती बसलीये.”

“भीती नाही,” साडूभाऊ म्हणाले. “उत्तर नाही माझ्याकडे. नको म्हटलं की का नको, मग डॉक्टर काय म्हणाले, मग एक तर घ्या. पूर्ण मुलाखत होते.”

माझ्या सेक्शनने मला आधीच बजावलं होतं की ‘सूखी पार्टी’ चालणार नाही. म्हणजे पार्टीत दारू असणार होती, आणि साडूभाऊंना बोलवावं की नाही हा प्रश्न होता. तो प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला.

“मला बारमागे उभं करा,” ते म्हणाले. “सगळ्या घरात तेवढी एकच जागा आहे जिथल्या माणसाला कोणी विचारत नाही, क्या लोगे. तो दुसऱ्यांना विचारतो.”

पत्नी म्हणाली, “अहो, हे म्हणजे उपासाच्या माणसाला आचारी ठेवण्यासारखं झालं.”

“ताई, आचारी ठेवा, पण पगार द्या. फुकट उभा राहिलो तर मी पाहुणा. पैसे घेतले तर कामावर. बावीस वर्षांच्या नोकरीत कामावर असताना मी थेंब घेतलेला नाही, ते तुम्हीच सगळे सांगायचात.”

हे खरं होतं. आम्ही ते त्यांच्या बाजूने सांगायचो आणि त्यांचे डॉक्टर ते विरुद्ध बाजूने घ्यायचे. तरी मला विचार पटला. केटररकडे चौकशी केली तेव्हा एका पार्टीचा बारमन साडेतीन हजार सांगत होता. मी साडूभाऊंना दोन हजार म्हटलं, ते तीन म्हणाले. अडीचवर मिटलं. मेहुणीने कपाळाला हात लावला, पण कमी-जास्त करायला सुचवलं नाही.

मी आणि साडूभाऊ दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, माझं मत विचाराल तर जाऊ नका. पण मुलीच्या लग्नात जाणारच असाल तर आधी लहान जागी, दिवसा, घरच्या माणसांत जाऊन बघा. बाटलीला हात लावायचा नाही. आणि बाहेर पडायचा रस्ता आत शिरायच्या आधी ठरवायचा.

त्याप्रमाणे ठरलं ते असं. पार्टी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी बारा ते चार. बार म्हणजे आमच्या मुलाचं अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघराच्या दारात आडवं लावायचं. मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे कामवाल्या बाईंचा दरवाजा, त्याच्या बाहेर लिफ्ट. साडूभाऊ सरबत, बर्फ, मीठ, पुदिना बघणार. बाटल्या टेबलाच्या डाव्या टोकाला माझ्याकडे, आणि दारूचं माप मी घालणार. त्यांना जड जायला लागलं तर ते म्हणणार, “बर्फ संपला.” मी म्हणणार, “चला, आणू या.” आणि आम्ही मागच्या दाराने खाली. बर्फ हा शब्द मीच सुचवला. बारमध्ये बर्फ संपणं यात कोणाला काही वावगं वाटणार नाही, असा माझा हिशेब होता.

पेयं तीन ठरली. पहिलं पन्ह्याचं. माझी पत्नी पन्हं उकडलेल्या कैरीचं, गूळ आणि वेलची घालून करते. साडूभाऊंनी त्यात गूळ निम्मा करायला लावला आणि भाजलेलं जिरं, काळं मीठ वाढवलं. दुसरं कोकमाचं, आगळ, चिरलेली हिरवी मिरची, सोडा. तिसरं कलिंगडाचा रस, लिंबू आणि पुदिना. पन्ह्यात जिन, कोकमात व्होडका, कलिंगडात पांढरी रम. साडूभाऊंचं तत्त्व असं की आधी सरबत नुसतं प्यायला चांगलं लागलं पाहिजे. दारू शेवटी जाते. मग ज्याला नको त्याला तेच पेय, त्याच ग्लासात, शेवटची पायरी गाळून द्यायचं, आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

अडचण चवीची होती. त्यातलं ज्यांना कळतं ते चाखू शकत नव्हते, आणि जो चाखू शकत होता त्याला, म्हणजे मला, काही कळत नव्हतं. मी वर्षातून दोनदा बिअर घेतो, तीही संपवत नाही. तेव्हा चाचण्या अशा झाल्या. सरबत साडूभाऊंच्या घरी त्यांनी बनवायचं, मी डब्यातून घरी आणायचं, इथे कफ सिरपच्या मापाने दारू घालायची आणि फोनवर हकीकत सांगायची.

“जिभेवर आधी काय आलं?”

“आंबट.”

“मग?”

“मग जिरं. मग कडू.”

“किती कडू?”

“पाडव्याच्या कडुनिंबाइतकं नाही. मेथीच्या वर.”

“मग जिन जास्त झाली. किती घातलीत?”

“पंचेचाळीस.”

“तीस करा. आणि गिळल्यावर घशात काय राहतं?”

“साडूभाऊ, तुम्हाला हे सगळं ऐकून त्रास नाही ना होत?”

“तुमच्या तोंडून ऐकून नाही होत,” ते म्हणाले. “तुम्ही दारूचं वर्णन करता तेव्हा ती सोडली हे बरं केलं असं वाटतं.”

चार संध्याकाळी हे चाललं. पाचव्या दिवशी पत्नी म्हणाली, “एक सुटला म्हणून बहिणीने पेढे वाटले, आता माझा लागणार.” तोवर मापं नक्की झाली होती. तीस मिली दारू, शंभर मिली सरबत, वर सोडा. कोकमाला सोडा दुप्पट.

बाटल्या मी नोएडातच, पावती घेऊन आणल्या. सेक्शनमधले एक जण गुडगावहून स्वस्तात आणून देतो म्हणत होते. गुडगाव हरियाणात, नोएडा उत्तर प्रदेशात, मध्ये दिल्ली. तीन राज्यांतून बाटली फिरवून मी बढती साजरी करणार नव्हतो. एका दिवसाचा परवानाही काढला. असा परवाना लागतो हे सेक्शनमध्ये कोणाला माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर दोघांनी विषय बदलला. ग्लास टेंट हाऊसमधून एकसारखे, भाड्याने मागवले. आणि बर्फ. चौदा माणसं, माणशी एक किलो, अधिक वितळण्याची तूट, अधिक बाटल्या गार ठेवायला. वीस किलो क्यूब मी सकाळी मोठ्या थर्माकोलच्या पेटीत भरून ठेवले. ऐन उन्हाळ्यात माझ्या घरी काही कमी पडू नये एवढाच विचार त्यामागे होता. दुसरा कुठलाच विचार मी केला नाही.

पाहुणे साडेबाराला आले. बाहेर गरम वाऱ्याची लू सुटली होती, आल्या आल्या सगळे एसीखाली उभे राहिले आणि मग बारकडे वळले. साडूभाऊ पांढरा शर्ट, त्यावर पत्नीचा निळा एप्रन, अशा वेशात उभे होते. कॅशिअर सगळ्यांच्या पुढे होते. मोठा प्रेमळ माणूस, कोणालाही कधीही मदत करायला तयार. ते एकदा साडूभाऊंकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले.

“क्या लेंगे, सर?” साडूभाऊंनी विचारलं.

कॅशिअरनी पाच पेयांची नावं घ्यायच्या बेतात असल्यासारखं तोंड उघडलं आणि म्हणाले, “जी… जो आप पिला दें.”

तिथून गाडी सुरळीत सुरू झाली. साडूभाऊ ग्लासाच्या कडेला लिंबू फिरवून मीठ-जिऱ्यात बुडवत, बर्फ घालत, सरबत ओतत आणि ग्लास माझ्याकडे सरकवत. मी सिरपच्या मापाने तीस मिली मोजून घाली. त्यावर बरीच चेष्टा झाली. “सर, दवाई है क्या? सुबह-शाम लेनी है?” एक जण म्हणाला. “तरक्की आपकी हुई है, पेग की भी कर दीजिए,” दुसरा म्हणाला. मी माप बदललं नाही. पन्ह्याला मागणी जास्त होती. बायकांपैकी तिघींनी दारूविना घेतलं, एकीने न सांगता दोनदा दारूसकट. मेहुणी स्वयंपाकघरात आमच्या पाठीमागे कोथिंबीर निवडत होती. एकच जुडी ती तासभर निवडत होती.

दीडच्या सुमाराला साडूभाऊंचं बोलणं कमी झालं. मला वाटलं दमले. उभं राहायची सवय नाही, एप्रन गरम होतो. मग त्यांनी एक ग्लास अर्धा भरून तसाच ठेवला, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“साडूभाऊ, बर्फ संपला.”

मी म्हणालो, “चला, आणू या.”

ठरल्याप्रमाणे पुढचं वाक्य नव्हतंच. पण कॅशिअर बाजूलाच होते. त्यांना मराठी येत नाही, बर्फ मात्र दोन्हीकडे बर्फच. त्यांनी लगेच वाकून पेटीचं झाकण उघडलं.

“अजी कहाँ ख़त्म हुआ! ये तो पूरी बारात का पड़ा है!” त्यांनी मूठभर क्यूब उचलून सगळ्यांना दाखवले आणि साडूभाऊंच्या पुढ्यातल्या ग्लासात टाकले. क्यूब खळखळ करत आत गेले. सगळे हसले. “भाईसाहब, आराम कीजिए, बर्फ़ मैं डालता हूँ.”

साडूभाऊंनी टेबल सोडलं नाही. ते पुन्हा म्हणाले, आधीच्याच आवाजात, “बर्फ संपला.”

मागे कोथिंबिरीचा आवाज थांबला.

मी वीस किलो बर्फ विकत घेतला होता, त्यातला बारा-तेरा किलो तरी पेटीत होता. मी पेटी दोन्ही हातांनी उचलली, लोकांमधून वाट काढत बाल्कनीत नेली आणि वॉशिंग मशीनच्या जाळीपाशी पूर्ण उपडी केली. मे महिन्यातल्या उन्हात सगळा बर्फ फरशीवर पसरला.

“अहो, तुळशीवर नको हं,” आतून पत्नी म्हणाली.

मी रिकामी पेटी आणून कॅशिअरना दाखवली. “अब ख़त्म हो गया,” मी म्हणालो.

मग पत्नीने समोशांचं ताट बाहेर आणलं, आणि सरकारी माणसं समोशांसमोर प्रश्न विचारत नाहीत. मी पेटी काखेत मारली आणि आम्ही मागच्या दाराने खाली उतरलो.

बर्फाचं दुकान आमच्या सेक्टरच्या मागच्या गावातल्या गल्लीत आहे. दुकानात गोणपाट आणि भुशाखाली बर्फाच्या लाद्या होत्या, आणि गारवा होता. ते एका उलट्या क्रेटवर बसले. मी विचारलं, “वासाचा त्रास झाला का?”

“वास नाही. वास तर जिऱ्याचाच येत होता.”

“कॅशिअर?”

“तो बिचारा काय करणार. तो तर माझ्याकडे ग्लास मागतानासुद्धा घाबरत होता.” त्यांनी एका लादीवरचा भुसा बोटाने बाजूला केला. “आवाज. बर्फ ग्लासात पडतो ना, तो. घरी संध्याकाळी पहिला आवाज तो असायचा. हिला स्वयंपाकघरात तेवढ्यावरून कळायचं. सहा महिन्यांत ऐकला नव्हता. आज तासाभरात शंभरदा ऐकला असेल. शेवटी शेवटी मला दुसरं काही ऐकूच येईना.”

मी त्यांना बर्फाच्या दुकानात आणून बसवलं होतं. ते माझ्या लक्षात आलं तसं त्यांच्याही आलं, कारण ते हसले. त्या दिवसातलं पहिलं.

“परत जायचं नसेल तर मी तुम्हाला घरी सोडतो,” मी म्हणालो. “मेहुणीला फोन करतो. काही बिघडत नाही.”

“आणि जूनमध्ये? तिथे कोणती पेटी उलटी करणार आहात?”

तेवढ्यात दुकानदाराने विचारलं काय पाहिजे. मी क्यूब म्हणालो. तो म्हणाला, क्यूब सकाळीच एक साहेब घेऊन गेले, सगळे. ते साहेब मीच होतो. “सिल्ली है. चूरा कर दूँ?”

त्याने एक लादी यंत्रात घालून चाक फिरवलं. खाली पेटीत पांढरा चुरा पडायला लागला. यंत्राचा आवाज होता, चुऱ्याचा नव्हता. साडूभाऊ उठले, पेटीपाशी गेले, ओंजळभर चुरा घेतला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या ग्लासात टाकला. मग पुन्हा टाकला. कान जवळ नेऊन तिसऱ्यांदा टाकला. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

“दहा किलो घ्या,” साडूभाऊ म्हणाले. “आणि सरबत दाट करायला लागेल. चुरा लवकर वितळतो. शंभरच्या जागी ऐंशी, सोडा बंद.”

“माझी तीस मिली?”

“ती तशीच. ती तुम्ही कोणाचं ऐकून बदलणार आहात का?”

परत आलो तेव्हा पाहुणे जेवायला बसायच्या बेतात होते, पण बार चालू झाला म्हणून पुन्हा जमले. साडूभाऊंनी मेहुणीकडे एकदा पाहिलं आणि एप्रनची गाठ पुन्हा मारली. ग्लास काठोकाठ चुऱ्याने भरायचा, वरून दाट पन्हं, ते पांढऱ्यातून हळूहळू खाली उतरतं, मग जिन. दिसायला आधीपेक्षा बरं होतं. कॅशिअरनी एक घोट घेतला, “ये वाला असली है,” म्हणाले आणि नंतर खूप हळू, साडूभाऊंनाच ऐकू जाईल असं, “दिवाली के बाद मिलने आना था मुझे. आया नहीं.” साडूभाऊ म्हणाले, “पुदीना डालूँ?” ते म्हणाले, “डालिए.” मेहुणीची कोथिंबीर तेवढ्यात संपली.

साडूभाऊ चार वाजेपर्यंत उभे राहिले. सगळे गेल्यावर मी त्यांना पाचशेच्या पाच नोटा दिल्या. त्यांनी मोजल्या.

“मधला पाऊण तास मी जागेवर नव्हतो. कापा.”

“बर्फ आणायला गेला होतात. ते कामातच येतं.”

“मग गाडीभत्ता?”

“गाडी माझी होती,” मी म्हणालो.

त्यांनी पैसे खिशात ठेवले. त्या आठवड्यात त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना, म्हणजे मुलाच्या वडिलांना, स्वतः फोन केला. मी समोर होतो. मी समजत होतो की काहीतरी कारण सांगतील. त्यांनी सरळ सांगितलं की मी पीत होतो, आता पीत नाही, आणि ग्लासात बर्फाचे खडे पडल्याचा आवाज मला सहन होत नाही. मग मुलाचे वडील म्हणाले, “तो बर्फ़ का ज़िम्मा आपका, समधीजी. बाक़ी सब मेरा.”

कॉकटेल जूनच्या पहिल्या शनिवारी झालं. गाणी एवढ्या जोरात होती की मला तरी ग्लासाचाच काय, शेजारच्या माणसाचाही आवाज येत नव्हता. तरी चुराच वापरला गेला. साडूभाऊ सूट घालून दाराशी उभे राहिले. क्या लोगे असं अनेकांनी विचारलं. ते पन्हं म्हणाले, आणि बारवर पन्हं होतं, कारण माझ्या पत्नीने आठ लिटर पाठवलं होतं. मुलगी दर थोड्या वेळाने येऊन त्यांच्या हातातल्या ग्लासात डोकावून जात होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी ग्लास तिच्याच हातात दिला. तिने पिऊन पाहिलं, मीठ जास्त झालंय म्हणाली आणि नाचायला गेली. त्यानंतर ती आली नाही.

बर्फ आमच्या सेक्टरमागच्या त्याच दुकानातून गेला. लादीचा चुरा, पोहोचवण्यासकट बावीसशे रुपये. ते साडूभाऊंनी माझ्या पाचशेच्या नोटांतून दुकानदाराला दिले. उरलेले तीनशे त्यांनी तिथल्या बारमनला दिले.